चित्रफितीची उतरवण आणि संकलन : साधनांची पारख

नवी दिल्लीच्या दक्षिण भागातील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. झाशीच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीत देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने येऊन राहतात आणि बदली किंवा निवृत्तीनंतर घर रिकामे करून निघून जातात. समजा, असेच घर सोडू पाहणाऱ्या एका मराठी कुटुंबाला लोखंडी ट्रंकेच्या तळाशी १९८६ साली झालेल्या एका लग्नाची व्हीएचएस कॅसेट सापडली. अंतरपाट, मंगलाष्टके, पंगत आणि मध्येच कोणाला तरी हाक मारणारा आजीचा आवाज असे सर्व त्या तीन तासांच्या फितीवर आहे. आजी आता हयात नाही आणि तिचा आवाज अन्यत्र कोठेही नोंदलेला नाही. ही फीत संगणकावर घेऊन तिच्यातून अर्ध्या तासाचा नेटका चित्रपट तयार करावा, असे घरातील मंडळींनी ठरविले.

या कामासाठी दोन प्रकारची साधने लागतात. फितीवरील चित्र आणि आवाज संगणकात उतरवून घेणारे यंत्र, म्हणजे कॅप्चर कार्ड, हे पहिले. उतरविलेल्या साहित्याची काटछाट व जुळणी करणारे सॉफ्टवेअर हे दुसरे. बाजारात जाणारा मनुष्य बहुधा प्रथम विचारतो, ‘सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते?’ हा प्रश्न गैर नाही. परंतु तो पहिला प्रश्न नव्हे. तो दुसरा का ठरतो आणि दोन्ही साधनांची तुलना कोणत्या कसोट्यांवर करावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कात्रीपासून संगणकापर्यंत

संकलन म्हणजे निवड आणि क्रम. चित्रपटाच्या आरंभकाळी हे काम हाताने, कात्री आणि डिंकासारखा चिकट पदार्थ घेऊन होत असे. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे असतात आणि ती उजेडासमोर धरली की डोळ्यांना दिसतात. कोठे कापावयाचे हे संकलक पाहून ठरवू शकत असे. पुढे मूव्हिओला व स्टीनबेक ही यंत्रे आली. त्यांच्यामुळे फिल्म चालती पाहणे, थांबविणे आणि मागे नेणे सोपे झाले. तरी कापणे आणि जोडणे हेच मूळ काम राहिले.

पुण्यातील प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली चित्रपट शिक्षणाची सरकारी संस्था स्थापन झाली. विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या तेथे फिल्म हातात घेऊन संकलन शिकल्या. दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण मात्र प्रथम दिल्लीत सुरू झाले होते. दिल्लीतून दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाले होते आणि या माध्यमाचे केंद्र साहजिकच राजधानीत होते. १९७४ साली तो प्रशिक्षण विभाग पुण्यास हलविण्यात आला. फिल्म आणि ध्वनिचित्रफीत ही दोन माध्यमे अशा रीतीने एका आवारात शेजारी आली आणि त्यांच्यातील फरकही ठळकपणे समोर आला.

फरक असा की, चुंबकीय फितीवरील चित्र डोळ्यांना दिसत नाही. ती उजेडासमोर धरली तर केवळ तपकिरी पट्टी दिसते. म्हणून व्हिडिओच्या संकलनात फीत कापण्याची पद्धत मागे पडली आणि नक्कल करण्याची पद्धत रूढ झाली. एका यंत्रावर मूळ फीत चालवावयाची आणि हवा तो भाग दुसऱ्या यंत्रावर मुद्रित करावयाचा. ही पद्धत रेषीय होती. तिच्यात पाचव्या मिनिटाला एखादे दृश्य घालावयाचे राहिले तर त्यापुढचे सर्व पुन्हा मुद्रित करावे लागे. शिवाय प्रत्येक नकलेत चित्र थोडे अस्पष्ट होई. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल असे होत गेले की चेहऱ्यांच्या कडा विरघळत आणि रंग बाहेर पसरत.

१९८९ च्या सुमारास अमेरिकेत ‘ॲव्हिड’ आणि इंग्लंडमध्ये ‘लाइटवर्क्स’ या संगणकीय संकलन-यंत्रणा पुढे आल्या. १९९१ साली ‘ॲडोबी प्रीमिअर’ आणि १९९९ साली ॲपलचे ‘फायनल कट प्रो’ आले. ‘द इंग्लिश पेशंट’ (१९९६) या चित्रपटाचे संकलन संगणकावर झाले होते आणि त्यास संकलनाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यानंतर या पद्धतीविषयीची शंका जवळजवळ संपली.

या यंत्रणांत घडलेला मूलभूत बदल लक्षात घेण्याजोगा आहे. संगणकावर संकलन करताना मूळ साहित्याला हातच लागत नाही. अमुक फाइलचा अमुक क्षणापासून अमुक क्षणापर्यंतचा भाग अमुक जागी दाखवावा, एवढ्या सूचनांची यादी सॉफ्टवेअर ठेवते. चुकीचा काप घेतला तर तो मागे घेता येतो. आज केलेले संकलन न आवडल्यास दहा वर्षांनी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा करता येते. उतरवणीचे मात्र तसे नाही. फीत चालत असताना यंत्राने जे टिपले नाही ते नंतर कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही, आणि जुनी फीत पुनःपुन्हा चालविता येईलच असा भरवसा नसतो. म्हणून प्रथम उतरवण, मग संकलन हाच तुलनेचाही क्रम असला पाहिजे.

चित्राचे आकडे कसे होतात

फितीवर चित्र चढउतार पावणाऱ्या विद्युत्-लहरीच्या रूपात असते. कॅप्चर कार्ड या लहरीची ठराविक अंतराने मोजणी करते आणि प्रत्येक मापाचा एक आकडा लिहून ठेवते. या मोजणीचा आंतरराष्ट्रीय दंडक १९८२ साली ठरला. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत दर सेकंदाला २५ चित्रे असतात. एका चित्रात ५७६ दृश्य ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत ७२० बिंदू मोजले जातात.

उजेडाचे माप प्रत्येक बिंदूला आणि रंगाचे माप एकाआड एक बिंदूला घेतले, तर दर बिंदूस सरासरी दोन बाइट लागतात. याच व्यवस्थेला ४:२:२ असे म्हणतात. यावरून हिशेब सहज करता येतो. ७२० गुणिले ५७६ म्हणजे ४,१४,७२० बिंदू. दोन बाइट प्रमाणे एका चित्रास ८,२९,४४० बाइट. २५ चित्रांस सुमारे २ कोटी ७ लाख बाइट. एका तासाचे सुमारे ७५ गिगाबाइट आणि लग्नाच्या तीन तासांच्या फितीचे सुमारे २२४ गिगाबाइट होतात.

एवढी जागा पूर्वी घरगुती संगणकांत नसे, म्हणून चित्र दाबून लहान करण्याच्या युक्त्या निघाल्या. १९९०च्या दशकात आलेल्या डीव्ही पद्धतीत प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे सुमारे पाचास एक या प्रमाणात दाबले जाते आणि एका तासास सुमारे १३ गिगाबाइट पुरतात. डीव्हीडीसाठी वापरली जाणारी एमपेग-२ पद्धत यापेक्षा पुढे जाते. ती शेजारच्या चित्रांतील साम्य शोधून केवळ फरक नोंदविते. सेकंदास ६० लक्ष बिट या गतीने तिला तासास २.७ गिगाबाइट लागतात. फरक लहान नाही. पहिल्या पद्धतीने २२४, दुसरीने ३९ आणि तिसरीने सुमारे ८ गिगाबाइटमध्ये तेच लग्न मावते.

पण वाचविलेली जागा कोठून आली, हे विचारले पाहिजे. जुन्या फितीवर सर्वत्र बारीक खरखर असते आणि ती प्रत्येक चित्रात निराळी असते. साम्य शोधणारी पद्धत या खरखरीने गोंधळते, तिच्यावर बिट खर्च करते आणि खऱ्या तपशिलासाठी थोडेच उरतात. हलत्या भागात चौकोनी ठोकळे उमटतात. पुढे संकलन करताना रंग दुरुस्त करू लागले की तेच ठोकळे अधिक उठून दिसतात. यावर उपाय म्हणून एफएफव्ही-१ सारख्या निर्हानी पद्धती आहेत. त्या फाइल लहान करतात, पण उघडल्यावर मूळ आकडे जसेच्या तसे परत देतात. पुराभिलेखागारांतही त्यांचा वापर होतो.

यंत्राच्या आधीचे यंत्र

कॅप्चर कार्डाची तुलना करण्यापूर्वी फीत चालविणाऱ्या यंत्राकडे पाहावे लागते, कारण कार्डास जे मिळेल तेच ते टिपते. व्हीसीआरची शीर्षे मळलेली असतील तर उत्तम कार्डही पांढऱ्या रेघाच टिपील. फितीवर बुरशी असेल तर ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. अन्यथा बुरशी यंत्रात जाते आणि पुढच्या फितीलाही लागते.

दुसरा प्रश्न तारेचा आहे. पिवळ्या टोकाच्या नेहमीच्या तारेतून उजेड आणि रंग एकत्र मिसळून येतात. ते वेगळे करताना बारीक नक्षीवर इंद्रधनुष्यी झाक दिसते. एस-व्हिडिओच्या तारेतून ही दोन्ही अंगे वेगळी येतात. व्यावसायिक बीटाकॅम यंत्रातून उजेड व रंगाचे दोन घटक तीन स्वतंत्र तारांनी येतात. जेथे यंत्र परवानगी देईल तेथे अधिक वेगळी वाट निवडावी.

तिसरा प्रश्न वेळेचा. जुनी फीत थोडी ताणलेली असते. म्हणून ओळी ठरल्या क्षणी न येता किंचित मागेपुढे येतात. उभा खांब वाकडा दिसतो आणि कार्डाचा ताल चुकला की ते एखादे चित्र सरळ सोडून देते. ‘टाइम बेस करेक्टर’ नावाचे उपकरण प्रत्येक ओळ क्षणभर साठवून योग्य क्षणी पुढे पाठविते. हे उपकरण, किंवा ते अंगभूत असलेला व्हीसीआर, मिळाल्यास साध्या कार्डानेही पुष्कळदा समाधानकारक काम होते. ते नसल्यास महागडे कार्डही अडखळते.

कार्डांची कसोटी

कॅप्चर यंत्रांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला, संगणकाच्या यूएसबी छिद्रात बसणारी लहान दांडी. ती स्वस्त असते. पण यातील काही यंत्रे चित्र स्वतःच दाबून संगणकाकडे पाठवितात आणि वापरणाऱ्याला निवडीची संधी देत नाहीत. दुसरा, डीव्हीत रूपांतर करून फायरवायरच्या तारेने देणाऱ्या पेट्या. त्यांत चित्र व आवाज एकत्र बांधलेले असल्यामुळे त्यांचा मेळ सहसा बिघडत नाही. मात्र पाल डीव्हीत रंगाची मापे निम्म्या ओळींपुरतीच राहतात, आणि नव्या संगणकांवर फायरवायरची जोडणी आता सहसा आढळत नाही. तिसरा वर्ग संगणकाच्या आत बसणाऱ्या किंवा थंडरबोल्टने जोडल्या जाणाऱ्या व्यावसायिक कार्डांचा. ती चित्र न दाबता देऊ शकतात आणि सेकंदास २७ कोटी बिट वाहून नेणारी एसडीआय जोडणीही घेतात. परंतु त्यांतील काही अस्थिर लहरींविषयी असहिष्णू असतात. व्हीएचएस जोडले की पडदा काळा पडतो. म्हणजे किंमत हीच गुणवत्ता, असे येथेही म्हणता येत नाही.

तुलना न्याय्य व्हावयाची तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तोच व्हीसीआर, तीच तार, त्याच फितीची तीच पाच मिनिटे. बदलावयाचे ते केवळ कार्ड. प्रयोगासाठी मौल्यवान फीत वापरू नये. त्याच काळातील दुसरी एखादी बिनमहत्त्वाची घ्यावी. मग पुढील चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली, चित्रांची संख्या. पाच मिनिटांत ७,५०० चित्रे झाली पाहिजेत, तासास ९०,०००. फाइलमध्ये कमी भरली तर कार्डाने काही सोडली आहेत.

दुसरी, आवाजाचा मेळ. ओठ आणि शब्द आरंभी जुळतात, पण तासाभराने आवाज मागे पडतो, असा दोष पुष्कळदा आढळतो. म्हणून प्रत्यक्ष फीत उतरविल्यावर शेवटची मिनिटेही अवश्य पाहावीत.

तिसरी, उजेडाची टोके. मोजणीच्या दंडकात काळ्यास १६ आणि पांढऱ्यास २३५ हे आकडे दिलेले आहेत. दिव्याच्या झोतात मुंडावळ्यांचे पांढरे मोती आणि बाजूचे पांढरे धोतर एकजीव दिसू लागले, तर वरची मापे छाटली गेली आहेत, असे समजावे.

चौथी, क्षेत्रांचा क्रम. पाल पद्धतीत एक चित्र दोन हप्त्यांत येते. आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. सेकंदास असे ५० हप्ते होतात. त्यांचा क्रम उलटला तर चालणारा माणूस थरथरत जातो. काही यंत्रे परस्पर दोन हप्ते एकत्र करून निम्मी हालचाल गमावून बसतात. उतरविताना हप्ते जसेच्या तसे ठेवावेत; एकत्र करण्याचे काम नंतर अधिक चांगल्या साधनाने होऊ शकते.

सॉफ्टवेअरची कसोटी

उतरवण उत्तम झाली की सॉफ्टवेअरची निवड तुलनेने निर्धास्तपणे करता येते. प्रचलित साधनांचे स्वभाव भिन्न आहेत. अनेक संकलकांनी एकाच साहित्यावर एकाच वेळी काम करण्याच्या सोयीसाठी ॲव्हिडचा लौकिक आहे. प्रीमिअर २०१३ पासून मुख्यतः भाड्याच्या तत्त्वावर मिळते. वर्गणी थांबली की वापर थांबतो. फायनल कट केवळ ॲपलच्या यंत्रांवर चालते. ‘दा विंची रिझॉल्व्ह’ मूळचे रंगदुरुस्तीचे साधन. २००९ साली ते ऑस्ट्रेलियातील ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीकडे गेले आणि पुढे संकलनाचेही पूर्ण साधन झाले. त्याची एक आवृत्ती विनामूल्य मिळते. ‘केडेनलाइव्ह’ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे.

यांतून निवड करताना कापण्या-जोडण्याच्या सोयी पाहण्यात फारसा अर्थ नाही. त्या सर्वांत आहेत. पाहावयाचे ते असे की, पन्नास हप्त्यांचे चित्र सॉफ्टवेअर ओळखते काय आणि केलेले काम दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात ते बाहेर देते काय. २०११ साली फायनल कटची नवी आवृत्ती आली तेव्हा तिच्यात आधीच्या आवृत्तीत केलेली कामे उघडत नव्हती. अनेक व्यावसायिक संकलकांना मार्ग बदलावा लागला. ज्यांनी संकलनाची यादी सर्वमान्य स्वरूपात जपली होती त्यांचे नुकसान कमी झाले.

मराठी वाचकासाठी आणखी एक कसोटी आहे. शीर्षकांची अक्षरे सॉफ्टवेअर नीट लिहिते काय, हे खरेदीपूर्वी पाहावे. ‘ज्ञानेश्वर’, ‘स्त्रीधन’, ‘किल्ल्यावर’ आणि ‘दुसऱ्या’ हे चार शब्द लिहून पाहणे पुरेसे आहे. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे पडणे, जोडाक्षर तुटून पाय मोडलेली अक्षरे दिसणे आणि ‘ऱ्या’मधील अर्धा र हरवणे, हे दोष या शब्दांत लगेच उघडे पडतात. इंग्रजी शीर्षकांत निर्दोष वाटणारे साधन देवनागरीत नापास होऊ शकते.

वेळ थोडा आहे

पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा मोठा नायट्रेट फिल्मसंग्रह ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत नष्ट झाला. नायट्रेट ज्वालाग्राही असते आणि त्याचा नाश सर्वांना दिसतो. चुंबकीय फितीचा नाश मात्र निःशब्द असतो. कॅसेट बाहेरून धडधाकट दिसते आणि आतील चुंबकीय थर सुटत जातो. शिवाय फीत टिकली तरी ती चालविणारे यंत्र टिकले पाहिजे. व्हीएचएस यंत्रे बनविणाऱ्या जपानमधील शेवटच्या कारखानदाराने, फुनाई कंपनीने, २०१६ साली हे उत्पादन बंद केले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१७ साली इशारा दिला होता की, २०२५ पर्यंत ज्या फिती उतरविल्या जाणार नाहीत त्या बहुधा कायमच्या गमावल्या जातील. ती मुदत उलटून गेली आहे. सर्व फिती त्या दिवशी मेल्या नाहीत, हे खरे. पण चालू स्थितीतील प्रत्येक यंत्र आता दुर्मीळ होत चालले आहे.

तेव्हा लक्ष्मीबाई नगरातील त्या कुटुंबाने पैसा आणि वेळ कोणत्या क्रमाने खर्च करावा, याचे उत्तर स्पष्ट आहे. प्रथम चांगल्या स्थितीतील व्हीसीआर आणि त्याची सफाई. मग वेळ सावरणारे उपकरण. मग प्रामाणिकपणे मोजणारे कार्ड. मग न दाबलेली किंवा निर्हानी फाइल निदान दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्याची सोय. सॉफ्टवेअर सर्वांत शेवटी, आणि ते विनामूल्य असले तरी चालेल. मूळ कॅसेटही टाकून देऊ नये. उद्या अधिक चांगले साधन हाती येऊ शकते. अर्ध्या तासाचा चित्रपट यंदा कच्चा झाला तर पुढच्या वर्षी नातवंडे तो पुन्हा करतील. मंगलाष्टकांच्या गर्दीतून आलेली आजीची हाक मात्र उतरवणीच्या त्या एका फेरीतच टिपली गेली पाहिजे.